स्पॅनिश क्रियापदांचा जाहीर सत्कार

माणसानं आधी अभ्यास करावा, मग परीक्षा द्यावी, पास व्हावं आणि मग त्याचा सत्कार व्हावा, असा जगाचा साधारण क्रम आहे. माझ्या बाबतीत सत्कार आधी झाला. बाकीच्या गोष्टी त्याला गाठायला मागून धावल्या, आणि त्या धावपळीत अनंतराव नावाच्या एका सेवानिवृत्त संस्कृत शिक्षकाची, म्हणजे माझी, जी अवस्था झाली ती मी कुणावरही राग न धरता सांगणार आहे. भागवतवर थोडा धरीन. तेवढा माझा हक्क आहे.

झालं असं, की दिवाळीला माझी मुलगी अबोली पुण्याहून पूर्णेला आली. तिच्या कंपनीनं तिला स्पॅनिश शिकायला लावलंय, तिकडच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलावं लागतं म्हणे. दुपारी ती झोपली होती आणि तिची वही दिवाणावर उघडी पडली होती. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं, पण एकतीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाचे डोळे उघडी वही दिसली की आपोआप तिच्यावर उतरतात. पाहतो तर पानावर तक्ता. डावीकडे एकवचन, उजवीकडे अनेकवचन. वरून खाली प्रथम पुरुष, द्वितीय पुरुष, तृतीय पुरुष. आणि त्यात सहा रूपं: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अहो, तो चालवलेला धातू होता. आपलं वदामि, वदसि, वदति! फक्त द्विवचन तेवढं नव्हतं, पण द्विवचनाचा त्रास मी स्वतः मुलांना दिलेला असल्यामुळे स्पॅनिश लोकांना मी मोठ्या मनानं माफ केलं.

"लीला," मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "स्पेनमधे धातू चालवतात."

"चालवू द्या," माझी बायको म्हणाली. "तुमी ते फराळाचं ताट उचला आधी."

अबोली उठल्यावर मी तिच्या मागेच लागलो. 'आब्लार' म्हणजे बोलणे. धातूंचे तीन गट. मी म्हणालो, फक्त तीन? आपल्याकडे दहा गण आहेत. ती म्हणाली, "पण बाबा, नियम न पाळणारी क्रियापदं लय आहेत. वीट येतो नुसता." मला वीट येणं शक्यच नव्हतं. 'जाणे' या धातूचं मूळ रूप 'ईर', आणि चालवायला घेतला की बोय, बास, बा. मुळातलं एक अक्षर शिल्लक नाही. आमचा 'गम्' चालवताना 'गच्छ' होतो, तसलाच प्रकार. परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटावा तसं मला झालं.

आता मनातली एक गोष्ट सांगतो, हसू नका. मी एकतीस वर्षं संस्कृत शिकवलं. मुलं मार्कांसाठी यायची, मार्क घेऊन जायची. पण या एकतीस वर्षांत मी संस्कृतात विचारलेल्या प्रश्नाला एकाही जिवंत माणसानं संस्कृतात उत्तर दिलं नाही. "गृहपाठः कुत्र?" असं विचारलं की उत्तर यायचं, "वही घरी इसरली, सर." रोज विहिरीत बादली सोडायची आणि रोज ती रिकामीच वर यायची. मला एकदा, फक्त एकदा, धातू नीट चालवून कुणाला तरी काहीतरी विचारायचं होतं आणि त्याच भाषेत त्याचं उत्तर ऐकायचं होतं. स्पॅनिश बोलणारी माणसं जगात कोट्यवधी आहेत असं अबोली म्हणाली. त्यातलं एक मला पुरलं असतं.

जाताना तिनं माझं नाव एका ऑनलाइन वर्गात घालून दिलं. पहिल्या पायरीची परीक्षा फेब्रुवारीत. लेखी झाल्यावर दहा मिनिटांची तोंडी, आणि समोर खरोखरची स्पॅनिश बाई. 'तोंडी' हा शब्द ऐकला आणि मी त्याच दिवशी कामाला लागलो.

पाठांतराची माझी एक पद्धत आहे. सकाळी आंघोळ करायची, गच्चीवर जायचं आणि येरझारा घालत मोठ्यानं, तालात म्हणायचं. आवाज छातीतून यायला पाहिजे. पुटपुटून पाठ झालेली गोष्ट पुटपुटतच विसरते, असं मी मुलांना सांगत आलो. आमची कॉलनी रेल्वे फाटकापलीकडे, घरं एकमेकांना खेटून. शेजारी भागवत राहतो, माझाच जुना विद्यार्थी, स्टेशन रोडला त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्याची आई दगडाबाई, माहेर राणीसावरगावचं, कान अजून शाबूत. चौथ्या दिवशी मी वरून पाहिलं तर दगडाबाई ओट्यावर डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून बसलेल्या. आठव्या दिवशी त्यांच्यासोबत आणखी दोघी. मी वर 'कोमेर' धातू चालवत होतो, कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, आणि खाली तिघी डोळे मिटून डोलत होत्या.

माझ्यातला शिक्षक प्रामाणिक आहे. मी खाली उतरलो. "दगडाबाई, हे स्तोत्र नाही. 'मी खातो, तू खातोस, तो खातो, आपण खातो' असा याचा अर्थ आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "मग वाईट काय हाय त्यात, सर? समदेच खायलेत, कुणी उपाशी ऱ्हायलं न्हाई. चांगलंच म्हणायलात की."

मी पुन्हा गच्चीवर गेलो. दुसऱ्या दिवशी ओट्यावर पाच जणी होत्या आणि एकीनं उदबत्ती आणली होती.

या गोष्टीचा बोभाटा झाला तो असा. जानेवारीच्या शेवटी एके सकाळी मी दूध आणायला चौकात गेलो, आणि समोर मीच उभा. दहा बाय आठ फूट. डोक्याला फेटा, तो अबोलीच्या लग्नातला फोटो होता. मागे एक विमान, एक परदेशी मनोरा आणि माझ्या खांद्याला खांदा लावून एक बैल. बैलाच्या अंगावर झूल होती, शिंगांना बेगड होती. वर लाल अक्षरात: 'पूर्णेचे भूषण, स्पॅनिश भाषेचे गाढे अभ्यासक, आदरणीय अनंतराव सर यांनी स्पॅनिश भाषेत प्राविण्य मिळविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली चौदा शुभेच्छुकांचे फोटो. त्यातले तीन माझ्या ओळखीचे होते.

मी दुधाची पिशवी घेऊन तसाच भागवतच्या दुकानात गेलो.

"भागवत, मी अजून परीक्षा दिलेली नाही."

"देताल की, सर."

"आणि नापास झालो तर?"

"तुमी कसे नापास होताल? नापास तर आमी व्हायचो. तुमी करायचात." तो मशीनवरून नजर न काढता म्हणाला. "एकाचं वाढदिवसाचं फ्लेक्स रद्द झालतं. कापड पडून होतं. म्हणलं, आपले सर रोज सकाळी एवढी मेहनत करायलेत, कुणीतरी दखल घ्यावी का न्हाई?"

"आणि तो बैल?"

"स्पेनमधी बैलं लय असतात म्हणं. आपल्याकडं पोळ्याचाच फोटो होता."

त्याच्या डोळ्यांत इतकं निर्मळ प्रेम होतं की मला रागावताही येईना. पण 'प्रावीण्य' मधली वेलांटी ऱ्हस्व होती आणि ती माझ्याच नावाखाली होती, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. दुपारी वर्दळ कमी पाहून मी मार्कर घेऊन स्टुलावर चढलो आणि ती दुरुस्त करू लागलो. हॉटेलात बसलेल्या मंडळींना वाटलं, सर स्वतःच्या फोटोला हार घालायलेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं मला खरंच हार आणून दिला. तो हार हातात धरून स्टुलावर उभं असताना माणसाला काय वाटतं, हे ज्याचं त्यालाच कळतं.

तिथून पुढे मी खाजगी माणूस उरलो नाही. झरीहून भागवतचे चुलते सटवाजी मोटारसायकलवर आले आणि परदेशी फवारणी पंपाचं माहितीपुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "सर, पंप घेतलाय पण चालंना. तुमी वाचून सांगा." पुस्तकात खरोखरच स्पॅनिश पानं होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे शिकलेल्या भाषेचं काम आलं होतं. सव्वा तास बसून, शब्दकोश काढून, एकेक क्रियापद ओळखून मी सगळं मराठीत लिहून दिलं: टाकी भरा, झाकण फिरवा, दांडा सात वेळा दाबा. सटवाजींनी कागद डोक्याला लावला आणि पुस्तक मिटताना शेवटचं पान उलटलं. तिथं सगळं हिंदीत दिलेलं होतं. सटवाजींनी ते वाचलं, माझा कागद वाचला आणि म्हणाले, "बरोबरच हाय की, सर. फक्त तुमी सात म्हणायलात, हे दहा म्हणायलेत." ते दहा वेळाच दाबणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

सल्ल्यांना तर तोटाच नव्हता. पलीकडच्या गल्लीत सिताराम राहतात, रेल्वेचे निवृत्त गार्ड. त्यांनी सगळी हयात तेलुगू बोलणाऱ्या साहेबांबरोबर काढली, आणि भाषा या विषयात ते स्वतःला माझ्यापेक्षा एक पायरी वर समजतात. "सर, क्रियापद लागतंच कशाला?" ते म्हणाले. "मी तीस वर्षं नुसत्या नामावर काढली. नीळ्ळू म्हणलं की पाणी येतंय. अन्नम् म्हणलं की भात येतोय. पुढं तुमी 'देतो, देतोस, देती' करत बसलात तर गाडी सुटून जायची." क्रियापदाविषयी कुणी माझ्या घरात, माझा चहा पीत असं बोलेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्यांना दुसरा कप विचारला नाही.

आणि मग नगरपरिषदेची नोटीस आली. विनापरवाना फलकाबाबत, ज्याचा फोटो आहे त्यानं कार्यालयात येऊन खुलासा करावा. खिडकीमागे माणिकराव बसले होते. हेही माझेच विद्यार्थी. त्यांनी उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा सांगितला आणि रजिस्टर उघडलं.

"फलक काढावा लागंल, सर, न्हाई तर नियमित करून घ्यावा लागंल. नियमित करायचा तर प्रकार लिहावा लागतो. वाढदिवस, धार्मिक, श्रद्धांजली, शैक्षणिक."

"शैक्षणिक," मी मान ताठ करून म्हणालो.

"मग ज्या यशाबद्दल अभिनंदन हाय, त्या प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा."

"यश अजून यायचंय."

माणिकरावांनी पेन खाली ठेवलं. "म्हंजे अभिनंदन आधीच?"

"मी नाही लावला तो. भागवतनं लावला."

"फोटो तुमचा हाय, सर."

"मग वाढदिवसात टाका."

"जन्मतारीख?"

"ऑगस्टमधली."

"आता फेब्रुवारी चालू हाय." त्यांनी रजिस्टरचं पान उलटलं. "श्रद्धांजलीला कागद लागत न्हाई. पण ते बरं दिसायचं न्हाई."

बरं दिसलं नसतंच. मी म्हणालो, माणिकराव, मी तुमचा गुरू आहे, काहीतरी मार्ग काढा. त्यावर ते अगदी अदबीनं म्हणाले, "तुमीच शिकवलंय की, सर. रूप म्हणताना मधीच एक अक्षर चुकलं तर तुमी अख्खं पहिल्यापासून म्हणायला लावायचात. माझं एक बी अक्षर कधी सोडलं न्हाई. मी कागद कसा सोडू?" त्यांनी तीस दिवसांची मुदत लिहून दिली. परीक्षा विसाव्या दिवशी होती.

आता हे माझ्या एकट्याचं राहिलं नव्हतं. मी नापास झालो तर फलक उतरणार, आणि तो पूर्णेच्या भर चौकात, सगळ्यांच्या देखत, बैलासकट उतरणार. लेखी परीक्षा चांगली गेली. कागदावर तक्ते काढायचे होते, ते मी शाईचा थेंब न सांडता काढले. उरली तोंडी.

तोंडीचे नियम कडक होते. खोलीत एकटं बसायचं, दार बंद, फोन फिरवून चारी भिंती दाखवायच्या, बाहेरचा आवाज येता कामा नये. भागवतनं हे ऐकलं आणि कॉलनी ताब्यात घेतली. तीन ते चार कुणी कुकर लावायचा नाही. मिक्सर नाही, भांडण नाही. दगडाबाईंच्या ओट्यावरच्या बाया गल्लीच्या दोन्ही तोंडांशी उभ्या राहिल्या; त्यांनी एका भंगारवाल्याला अडवून, पाणी पाजून, सावलीत बसवून ठेवलं. सिताराम मालगाडीचा भोंगा थांबवायला स्टेशनात गेले. त्यांनी तिथं जुनी ओळख सांगितली, पण भोंगा वाजायचा तो वाजलाच. लीलानं दार बाहेरून ओढून घेतलं, आणि घेण्याआधी दगडाबाईंनी आत हात घालून माझ्या कपाळाला अंगारा लावला.

पडद्यावर एक बाई आल्या. साठीच्या असाव्यात, पांढरे केस, चष्म्याला साखळी, मागे फडताळात डबे. नाव मिलाग्रोस. खरं माणूस समोर होतं. त्यांनी कपाळावरच्या अंगाऱ्याकडे बघितलं, हसल्या आणि विचारलं, "दोन्दे बीबे उस्तेद?" तुम्ही कुठं राहता?

इतकं सोपं. 'बीबो एन पूर्णा', पूर्णेला राहतो. मी तोंड उघडलं, 'बीबो' म्हणालो, आणि थांबता आलं नाही. बीबो, बीबेस, बीबे, बीबिमोस, बीबीस, बीबेन. मी राहतो, तू राहतोस, तो राहतो, आम्ही राहतो, तुम्ही राहता, ते राहतात. "...एन पूर्णा," मी शेवटी धापा टाकत जोडलं. सगळी मानवजात पूर्णेला आणून बसवली तेव्हा कुठं मी थांबलो.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मुलगी काय करते, असं विचारलं. मी मनाशी ठरवलं, 'काम करणे' धातूच्या तिसऱ्या रूपावर उतरायचं. त्राबाहो, त्राबाहास, त्राबाहा, आणि तिसरं रूप आलं तसं खिडकीसमोरून निघून गेलं. गाडी सहाव्यालाच थांबली. सकाळी काय खाल्लंत, या प्रश्नावर तर मी भूतकाळाचा सगळा तक्ता म्हटला, आणि वेगाच्या भरात पुढच्या काळात शिरलो. पाढे पाठ असलेल्या पोराला मधूनच सतरा साती विचारलं की ते सतरा एके पासून सुरू करतं, तसं माझं झालं होतं. माझी सगळी रूपं शाबूत होती, पण ती एका माळेत होती; त्यातला एक मणी सुटा निघत नव्हता. आणि तिथं बसल्या बसल्या मला कळलं की मी मुलांना एकतीस वर्षं हेच केलं. म्हणायला शिकवलं. बोलायचं कसं, ते शिकवलंच नाही. कोण कशाला आणि कसं उत्तर देणार होतं?

मिलाग्रोसबाईंनी पेन ठेवलं. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "स्पॅनिश का शिकता?"

'का' या प्रश्नाचा माझ्याकडे तक्ता नव्हता. दाराबाहेर सगळी कॉलनी श्वास धरून होती, ते मला आतून कळत होतं. मग मी म्हणालो, "एन्सेन्यो सान्स्क्रितो. त्रेइन्ता इ उन आन्योस. नादिए कोन्तेस्ता." संस्कृत शिकवतो. एकतीस वर्षं. कुणी उत्तर देत नाही. भूतकाळ लावायला हवा होता, तो सुचला नाही.

बाईंनी चष्मा काढला. "यो ले कोन्तेस्तो, प्रोफेसोर," त्या म्हणाल्या. "दीगामे." मी देते उत्तर. बोला.

अहो, झाली पंचाईत. काय विचारावं? एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण समोर, आणि मनात एकही ओळ नाही. मग आपल्याकडे दारात माणूस आला की जे विचारतात तेच तोंडून निघालं. "उस्तेद कोमिओ?" तुम्ही जेवलात का? निघाल्यावर लक्षात आलं की मी 'कोमिओ' एकटं काढलं होतं. मागेपुढे काही नव्हतं.

आणि बाई सांगू लागल्या. अजून जेवले नाही, म्हणाल्या, दोनला जेवते. आज मसूर आहे. बहिणीनं केलाय, ती मीठ जास्त घालते. बाकीचं मला निम्मं कळलं नाही, पण मी मान डोलावत राहिलो, त्या बोलत राहिल्या, आणि वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा त्या बहिणीच्या मिठाबद्दलच सांगत होत्या. मी दार उघडून बाहेर आलो. माझे डोळे भरलेले पाहून भागवतला वाटलं, सर पास झाले. त्यानं बाहेर फटाक्यांची माळ लावली आणि सावलीतला भंगारवाला सायकल टाकून पळाला.

आठ दिवसांनी निकाल आला. पासाला साठ लागत होते, मला त्रेपन्न मिळाले. तोंडीत नापास. शेरा होता: 'उमेदवार पाठ म्हणतो. शेवटचा एक प्रश्न मात्र उत्तम विचारला.' मी भागवतला सांगितलं की मी नापास झालो, फलक काढ. मला वाटलं, त्याचं तोंड पडेल. त्यानं विचारलं, "परीक्षेला बसलात याचा कागद हाय का?" प्रवेशपत्र होतं. तासाभरात 'प्रावीण्य मिळविल्याबद्दल' वर पट्टी चिकटली: 'परीक्षेस बसल्याबद्दल'. माणिकरावांनी प्रवेशपत्राची झेरॉक्स तीन वेळा तपासली आणि शैक्षणिक प्रकारात मंजूर केली. परीक्षेला बसल्याबद्दल दहा बाय आठ फुटांत अभिनंदन झालेला मराठवाड्यातला मी बहुधा पहिलाच इसम असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन स्वयंपाकघरात बसलो आणि लीलाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाई कशा बोलल्या, मसूर, मीठ, सगळं. "एकतीस वर्षं मी विचारत राहिलो, लीला, आणि कुणी उत्तर दिलं नाही. काय वाटतं माणसाला, तुला नाही कळायचं."

"कळतंय की," ती कणीक मळत म्हणाली.

"तुला कसं कळेल?"

"चौतीस वर्षं झाली, मी रोज सकाळी विचारते, भाजी कोणती करू. तुमी म्हणता, कर काहीही." तिनं गोळा उलटा केला. "हे काय उत्तर झालं?"

ती रागानं बोलली असती तर मी वाद घातला असता. पण तिनं ते गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. मला आठवायचा प्रयत्न करूनही एकही दिवस आठवेना ज्या दिवशी मी दुसरं काही म्हटलं होतं. माझी बादली मी एकतीस वर्षं मोजली. हिची तीन वर्षं जास्तच होती, आणि वरून विहीर मीच.

"आज विचार बरं," मी म्हणालो.

"कशाला उगीच?"

"विचार तर."

तिनं मळणं थांबवलं. मग म्हणाली, "भाजी कोणती करू?"

मी खरोखर विचार केला. "शेपूची."

"तुमाला तर शेपूचा वास सहन होत नाही."

"तुला आवडते."

लीलानं परात बाजूला सारली. कणकेचा गोळा झाकून ठेवला, हात धुतले, पदराला पुसले आणि खुंटीवरची पिशवी काढून माझ्या हातात दिली. "मग जावा, घेऊन या. आणि आल्यावर निवडू लागा."

मी चपला घालून घराच्या फाटकापर्यंत गेलो होतो, तेवढ्यात तिनं आतून विचारलं, "कोवळी बघून घेताल ना?"

एरवी मी नुसतं हुं केलं असतं आणि चालू पडलो असतो. मी परत दारापर्यंत आलो आणि म्हणालो, "हो. कोवळीच आणतो."